बॉबिनचा पाय गाडीखाली गेला नाही

तुमच्या घरी कुत्रं असेल आणि त्याच्या पायाला आत्ता काही बांधलेलं असेल, तर हे वाचणं थांबवा. आधी उठा, ते सगळं सोडा, केस बाजूला सारून कातडीपर्यंत बोट फिरवा आणि मग या. मी कुठे जात नाही.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला हे लिहायला सांगितलं. त्यांना एक पान हवं होतं, भिंतीवर लावायला. ज्यांच्या कुत्र्याचा पाय काढावा लागणार आहे, अशा घरांसाठी. "धीर येईल असं लिहा," म्हणाल्या. आता धीर देणं हा काही माझा गुण नाही. माझ्या जिभेला हाड नाही असं सासूबाई आयुष्यभर म्हणत आल्या आणि त्यात काही खोटं नव्हतं. शिवाय ते एका पानात बसलंही नाही.

आम्ही मूळचे पारोळ्याकडचे. वीस वर्षं झाली, सुरतेजवळ कडोदऱ्याला राहतो. हर्षदाचे पप्पा लूमच्या कारखान्यात आहेत. मी घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायचं काम करते. हर्षदा आमची मुलगी, कॉलेजला जाते. आणि बॉबिन. चार वर्षांपूर्वी कारखान्यात रिकाम्या बॉबिनांच्या खोक्यात कुठल्या तरी कुत्रीने पिल्लं घातली, त्यातलं हे एक. तपकिरी रंग, एक कान कायमचा दुमडलेला. बाकीची पिल्लं लोकांनी नेली, हे यांच्या मागे मागे घरी आलं आणि पलंगाखाली शिरलं. मी चार दिवस आरडाओरडा केला, पाचव्या दिवशी त्याच्यासाठी वेगळी भाकरी टाकायला लागले.

चार वेढे

कारखान्यामागे जुने पत्रे पडलेले असतात. तिथे बॉबिनच्या पुढच्या उजव्या पायाला पंजाच्या वर पत्रा लागला. रक्त थांबेना. हर्षदाचे पप्पा तिथेच होते, आणि त्यांनी जे केलं ते लूमवरचा कुठलाही माणूस करतो. कारखान्यात बोट कापलं म्हणून कोणी मशीन बंद करत नाही. जखमेच्या वर धाग्याचे चार वेढे, एक गाठ, की पुन्हा कामाला. जेवणाच्या सुट्टीत बोट निळं पडलेलं दिसतं, ठणकायला लागतं, मग धागा कापून टाकायचा. त्यांनी स्वतःच्या बोटाला असे धागे शंभरदा बांधले असतील. बॉबिनच्या पायालाही तसाच बांधला, पॉलिस्टरचा, दुहेरी. गाठ मारली ती विणकराची. ती सरकत नाही. सरकली तर कापडात खोट येते, म्हणून ती न सरकणारीच शिकवतात.

रक्त थांबलं. बॉबिनला उचलून घरी आणलं, तेव्हा मीच कौतुक केलं, "बरं झालं तुम्ही होता तिथे." मी जखमेवर हळद दाबली आणि फडकं गुंडाळलं. संध्याकाळी हर्षदाने मेडिकलमधून पट्टी आणून ते नीट बांधलं. आणि हर्षदाचे पप्पा परत कामावर गेले, कारण जोडीदार गावी गेलेला, आठवडाभर डबल पाळी.

त्यांना वाटलं, आम्ही धागा कापला. आम्हाला धागा आहे हेच माहीत नव्हतं. जखम खाली, धागा दोन बोटं वर, दाट केसांत. हर्षदा एक दिवसाआड पट्टी बदलायची ती जखमेवरची. माणूस असता तर बोंबलला असता. बॉबिन पाय चाटायचा, आणि आम्ही त्याला रागवायचो की चाटू नको, जखम ओली होते. हो, रागवायचो. मी एकदा चापटही मारली त्याला. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

सूज आली, तेव्हा मेडिकलवाल्याला विचारलं. त्याने कुत्रं न बघता, गल्ल्यावरून न उठता, पावडरची पुडी दिली. "बे दिवसमां सोजो उतरी जशे." दोन दिवसांत सूज उतरेल म्हणे. दोन दिवसांनी पंजा गार लागला आणि पलंगाखालून वास यायला लागला.

तो दिवस

दवाखाना शहरात आहे. रिक्षात बॉबिन हर्षदाच्या मांडीवर होता, मी पंजा धरून बसले होते. उन्हाळ्याचे दिवस, सगळं अंग तापलेलं आणि तो पंजा मात्र माठातल्या पाण्यासारखा गार. मला तेव्हाच कळलं होतं. पण कळणं आणि ऐकणं वेगळं असतं.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली, केस कापले आणि चिमट्याने काहीतरी ओढलं. कातडीत रुतलेला धागा बाहेर आला. त्यांनी तो ट्रेमध्ये ठेवला आणि आमच्याकडे बघत विचारलं, "ये किसने बाँधा?"

हर्षदाने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मग आम्ही दोघींनी तिच्या पप्पांकडे बघितलं. ते रात्रपाळी करून तसेच आले होते, केसांत कापसासारखे तंतू. ते ट्रेकडेच बघत राहिले. गाठ तशीच होती, मोकळे सोडलेले शेंडेसुद्धा बरोबर कापलेले.

"माले वाटनं, तुम्हीन काढी टाकं व्हई," एवढंच ते मला म्हणाले. अगदी हळू.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पाय मेला आहे, विष वर चढतंय, काढावा लागेल. थोडासा नाही, खांद्यापासून. थोटूक ठेवलं तर कुत्रं ते टेकायला बघतं आणि पुन्हा जखमा होतात. हे मात्र तुम्ही लक्षात ठेवा, कारण आम्ही तिथे भांडलो. मी म्हटलं, जितका सडला तितकाच काढा, चांगला पाय कशाला कापता? त्या बाईंनी शांतपणे पुन्हा समजावलं. मी तरी भांडले. नंतर कळलं, त्यांचंच बरोबर होतं.

कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा हर्षदाचे पप्पा म्हणाले, हात तेलाचे आहेत. सही हर्षदाने केली. एकोणीस वर्षांच्या पोरीने. मला इतका संताप आला की सांगता येत नाही. आणि तेवढ्यात शेजारच्या बाकड्यावरच्या, मांजर घेऊन आलेल्या माणसाने विचारलं, "काय झालं कुत्र्याला?"

"गाडीखाली आला," हर्षदाचे पप्पा म्हणाले.

मी ऐकलं, हर्षदाने ऐकलं, आणि आम्ही दोघी गप्प बसलो. तिथून ते सुरू झालं.

बाकडं

बॉबिन तीन दिवस दवाखान्यात होता. रोज सकाळी जायचं, सिमेंटच्या बाकड्यावर बसायचं, आतून नाव पुकारतात त्याची वाट बघायची. तिथे सगळी माणसं आपापल्या जनावराला धरून खाली मान घालून बसलेली असतात. बकरी, पोपट, कुत्री. मला एक बरं वाटलं, तिथे कोणी कोणाला हसत नव्हतं. दाढीवाला मोठा माणूस एका कबुतराला "बेटा, बेटा" म्हणत होता.

ऑपरेशननंतर मला पहिल्यांदा आत घेतलं, तेव्हा मी बॉबिनला ओळखलंच नाही. उजवी बाजू पूर्ण भादरलेली, खांद्यावर टाक्यांची आडवी ओळ, आणि तो इतका बारीक दिसत होता. मला वाटलं होतं मी रडेन. मी चिडले. त्या कातडीच्या गुलाबी रंगावर चिडले. कंपाउंडर काका म्हणाले, "बोला त्याच्याशी, त्याला आवाज कळतो." काय बोलणार? "भाकरी खायची का?" असं विचारलं. त्याने शेपटी जराशी हलवली. त्या माणसाने मग एका जुन्या प्लास्टिकच्या बादलीचा तळ कापून बॉबिनच्या गळ्यात अडकवली, टाके चाटू नये म्हणून. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. कडा आगीवर धरून त्याने बोथट केल्या, कापडाची पट्टी लावली, मग गळ्यात घातली. त्या आठवड्यात मला ज्याच्यावर राग आला नाही असा तो एकच माणूस.

घरी आणल्यावरची कामं सांगते, उपयोगी पडतील. फरशीवर गोणपाट अंथरा, तीन पायांवर कुत्रं टाइल्सवर घसरतं आणि एकदा घसरलं की दोन दिवस उठायचं नाव घेत नाही. छातीखालून ओढणी घाला आणि दोन्ही टोकं वरून धरा, पिशवी धरतो तशी, म्हणजे पुढचा भार तुमच्या हातात येतो. पहिले काही दिवस तो तोंडावर पडणार. पडू द्यायचं नाही, पण सारखं उचलूनही घ्यायचं नाही. हे दोन्ही एकदम कसं जमवायचं ते मला विचारू नका. आणि लाड म्हणून खाऊ घालून जाड करू नका, सगळं वजन उरलेल्या एकाच पुढच्या पायावर येतं.

खांदा

पाय होता तेव्हा हर्षदाचे पप्पा पाळी करून आले की बॉबिन दारात बसून उजवा पंजा पुढे करायचा. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. ते डबा खाली ठेवून पंजा हातात घ्यायचे, मग चपला काढायचे.

घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी ते कामावरून आले. बॉबिन गोणपाटावर बसला होता, गळ्यात बादली. त्याने त्यांना बघितलं आणि उजव्या खांद्याची कातडी हलली. टाक्यांखाली आत काहीतरी उचललं गेलं, एकदा, दोनदा. मग त्याने खाली बघितलं. पंजा कुठे गेला ते बघत होता.

हर्षदाचे पप्पा दारातच उभे राहिले. मग वळले आणि मागच्या दाराने, मोरीतून आत आले. त्या दिवसापासून रोज मागूनच. बॉबिन पुढच्या दाराकडे तोंड करून बसलेला, आणि हा माणूस चोरासारखा मोरीतून येऊन, भिंतीकडे तोंड करून जेवायचा. त्यांनी त्याला हात लावला नाही, नाव घेतलं नाही. ओढणी मी धरायची, औषध हर्षदाने द्यायचं.

हर्षदाने त्यांच्याशी बोलणं सोडलं. ती रागावली की गुजरातीत जाते. "मम्मी, एमने कही दे, मारी साथे वात न करे." त्यांना सांग, माझ्याशी बोलू नका. समोर बसलेल्या बापाला माझ्यामार्फत निरोप. घरात तीन माणसं आणि मी मधली पोस्टमन.

खरं सांगायचं तर, मला त्या चुकीबद्दल राग नव्हता. चूक तर आम्ही तिघांनी मिळून केली. धागा त्यांनी बांधला, पण पाच दिवस त्या पायावर हात तर आमचे फिरत होते. मला राग होता तो पाठ फिरवण्याचा. कुत्रं दाराकडे बघत बसतं आणि तुम्ही मोरीतून येता?

दया

आता गल्लीबद्दल. गल्लीत सगळे दयाळू. इतके दयाळू की दाराबाहेर पडायची सोय राहिली नाही. सकाळी ओढणी धरून बॉबिनला फिरवायला काढलं की समोरच्या रमीलाबेन हात जोडून उभ्या. "अरेरे, बिचारो! मूकी आवो ने पांजरापोळ, त्यां एनी सेवा थशे." पांजरापोळला सोडा, तिथे त्याची सेवा होईल. अहो, आणि माझ्या घरी काय होतंय त्याचं? लोणचं?

कोणी म्हणालं, अशा जिवाला एक इंजेक्शन देऊन मोकळं करतात. बॉबिनच्या समोर म्हणालं. पारोळ्याहून नणंदेचा फोन, "माणसांना दवाखाना मिळेना आणि तुम्ही कुत्र्याला घेऊन बसल्या." एका बाईने तर त्याचा पडतानाचा व्हिडिओ काढला, मागे रडकं गाणं लावलं आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकला. खाली जोडलेल्या हातांची चाळीस चित्रं. मी तिच्या दारात जाऊन जे बोलले ते इथे लिहीत नाही. व्हिडिओ काढून टाकला तिने लगेच.

एवढ्या सगळ्यांत ओढणीचं एक टोक धरायला एकही हात पुढे आला नाही. दया लांबून करायला सोपी पडते.

टेम्पोवाला

गाडीखाली आला, ही गोष्ट आता गल्लीभर झाली होती. मग गाडी कोणाची, हा प्रश्न आलाच. आमच्या गल्लीत कापडाचे ताके घेऊन एक टेम्पो येतो. चालवणारा यूपीचा, वयस्कर, कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात. एका सकाळी चार जणांनी त्याला अडवलं, चावी काढून घेतली. "कुत्ते को मारके भाग गया?" हर्षदाचे पप्पा ओट्यावर उभे होते. मी त्यांच्याकडे बघत होते. आता बोलतील, आता बोलतील. ते बोलले नाहीत. आणि मीही बोलले नाही, का ते मला आजही नीट सांगता येत नाही. नवऱ्याचं तोंड चारचौघांत उघडं पाडायचं नाही, असं कुठेतरी हाडात भरवलेलं असतं ना, तेच असावं.

तो टेम्पोवाला खाली उतरला. आमच्या दारात आला, बॉबिनसमोर उकिडवा बसला. "मुझे पता नहीं चला होगा," तो म्हणाला. "माफ करना, बहनजी." आणि गाडीतून बिस्किटांचा पुडा आणून गोणपाटावर ठेवून गेला. न केलेल्या गुन्ह्याची माफी मागून गेला तो माणूस.

बॉबिनने बिस्किटं खाल्ली. हर्षदाचे पप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "त्याले पांजरापोळमा सोडी येऊत."

मी म्हटलं, "चला. पण तुम्हीनच उचला त्याले. मी हात लावाव नही."

मला वाटलं होतं ते माघार घेतील. त्यांनी रिक्षा आणली. हर्षदा कॉलेजला गेली होती. ती घरी असती तर रिक्षापुढेच आडवी झोपली असती. त्यांनी वाकून बॉबिनला उचललं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि कुठे धरायचं ते त्यांना कळेना. उजवीकडे हात गेला, तिथे काही नव्हतं. बॉबिनने त्यांची हनुवटी चाटली. मी तोंड फिरवून रिक्षात बसले.

कारण

पांजरापोळ वाईट नव्हती, उगाच कशाला नाव ठेवू. सावली होती, पाणी होतं. लंगडी, आंधळी जनावरं आपापल्या जागी बसलेली. ऑफिसात एक कारकून, जाड भिंगाचा चष्मा. त्याने फॉर्म पुढे घेतला आणि विचारायला सुरुवात केली. जनावराचं नाव? वय? बॉबिन हर्षदाच्या पप्पांच्या मांडीवर, मी शेजारच्या खुर्चीवर.

"पग केवी रीते गयो?" पाय कसा गेला?

मी मनात म्हटलं, बोला आता, गाडीखाली. इथेही बोला.

कारकुनाने मान वर केली.

"मैंने बाँधा था," ते म्हणाले. "खून रोकने के लिए धागा बाँधा. फिर भूल गया. पाय सड़ गया."

कारकुनाने ते लिहून घेतलं. वर-खाली काही नाही, जसं नाव लिहिलं तसं. आणि पुढचा प्रश्न विचारला, सोडायचं कारण?

"इसको देखके शरम आती है."

कारकुनाने पेन थांबवलं. चष्म्यावरून बघितलं. "एवुं कारण न चाले, भाई," तो म्हणाला. असं कारण चालत नाही. "घर में जगह नहीं, संभालनेवाला नहीं, बीमारी है. इसमें से बोलो, क्या लिखूँ?"

हर्षदाचे पप्पा माझ्याकडे बघायला लागले. मी काही सुचवलं नाही. घरात जागा होती. सांभाळणाऱ्या दोघी होत्या. आजार काढून झाला होता. त्यांनी तीनही कारणं मनातल्या मनात लावून बघितली असावीत, कारण त्यांचे ओठ हलत होते. पंख्याखाली फॉर्म फडफडत होता. शेवटी त्यांनी बॉबिनला छातीशी धरलं, उठले आणि बाहेर चालायला लागले. कारकून माझ्याकडे बघून म्हणाला, "तो कॅन्सल?" मी म्हटलं, "कॅन्सल."

परतीच्या रिक्षात बॉबिनने त्यांच्या मांडीवरच लघवी केली. घाबरला असेल, किंवा सकाळपासून त्याला कोणी बाहेर काढलंच नव्हतं. पँट गुडघ्यापर्यंत भिजली. मी म्हटलं, खाली ठेवा त्याला पायाशी. त्यांनी नको म्हणून मान हलवली, आणि कडोदऱ्यापर्यंत ते जागचे हलले नाहीत.

गल्लीच्या तोंडाशी उतरलो. दुपार होती, बायका दारात भाजी निवडत होत्या, दोन-चार माणसं पाळीला निघालेली. रमीलाबेन पुढे आल्या, "केम, एमणे ना लीधो?" का, घेतला नाही त्यांनी?

"लेते थे. मैंने नहीं दिया," हर्षदाचे पप्पा म्हणाले. मग बॉबिनला खाली ठेवलं, त्याच्या छातीखाली हात घालून त्याला उभं केलं, आणि हात तसाच ठेवून म्हणाले, "और सुनो. ये गाडी के नीचे नहीं आया. उस टेम्पोवाले का कुछ दोष नहीं. सब लोग सुनो."

माणसं थांबली. भाजी निवडणारे हात थांबले. लघवीने भिजलेल्या पँटीत, कमरेत वाकून, एका हाताने कुत्र्याला तोलून धरत त्यांनी सगळं सांगितलं. पत्र्यापासून, चार वेढ्यांपासून. सांगताना दोनदा अडले. मी शेजारी उभी होते आणि त्यांना शब्द सुचवला नाही.